छत्तीस खांब आणि मामांचा डावा कान

आमच्या धंद्यात रिपोर्टचा एक ठरलेला तक्ता असतो. खांबाचा नंबर, ताकद, गंज, तडे आणि सगळ्यात शेवटी एक चिंचोळा रकाना, ‘शेरा’. त्यात फार फार तर ‘समाधानकारक’ एवढा एकच शब्द मावतो. जे मावत नाही, ते सगळं आमच्याकडंच राहतं. साठत जातं. मग टपरीवर एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला काहीतरी आठवतं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याला, आणि चहा गार!

मी साळवे. स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या आरसीसी बिल्डिंगा तपासायच्या आणि त्यातलं काय पुन्हा वापरता येईल ते सांगायचं, हे आमचं काम. आमची आई मात्र पाहुण्यांना सांगते, ‘पोरगी भिंती ठोकते.’ काय करणार, खोटं पण नाही!

ऑफिसात आम्ही तिघं. पहिले कुलकर्णी सर. सरकारी नोकरीतून रिटायर झाले, पण नियम तिथं ठेवून आले नाहीत, बरोबर घेऊन आले. दुसरे सलीमभाई. ड्रिल लावून खांबातून काँक्रीटचा पाण्याच्या बाटलीएवढा गोल तुकडा काढतात; त्याला म्हणायचं कोअर. खांबाच्या पोटात काय आहे ते कोअर काढल्यावर कळतं. आणि तिसरी मी. डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी चिकलठाण्याचं काम आलं आणि त्या एका कामानं आमचा पुढच्या दहा वर्षांचा किश्श्यांचा कोटा भरून टाकला.

काम असं होतं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत चाळीसेक वर्षांपूर्वीची एक कंपनी बंद पडलेली. शेड पाडायचं. पण त्याचे छत्तीस खांब आणि वरचे बीम फोडायचे नाहीत. करवतीनं कापायचे, सुखरूप उतरवायचे, बिडकीनला न्यायचे आणि तिथं नोकरीवाल्या मुलींचं हॉस्टेल बांधताना तेच परत उभे करायचे. जुन्या लुगड्याची गोधडी शिवतात ना, तसं!

शेडच्या मालकांना, म्हणजे शेठना, ही आयडिया आर्किटेक्टनं पटवली होती, पण निम्मीच. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही. छत्तीसच्या छत्तीस चांगले निघाले तर हॉस्टेल. एक जरी सडका निघाला, तर सगळा माल क्रशरला. खडी करून टाकू. आंब्याच्या पेटीत एक नासका दिसला, तर मी पेटीच परत पाठवतो.”

सर म्हणाले, “शेठ, खांब म्हणजे आंबे नव्हेत.”

“म्हणूनच तर भीती वाटते! आंबा निदान दाबून बघता येतो.”

*

पहिला दिवस. मी रिबाउंड हॅमर काढला. ही एक स्प्रिंगची हातोडी असते. खांबावर दाबली की ठक् करून आपटते आणि वरचं काँक्रीट किती टणक आहे त्याचा आकडा दाखवते. मी एक नंबरच्या खांबाला दोन ठोके दिले, तोच मागून आवाज आला.

“ओ मॅडम! मारताय काहून त्याला? त्यानं काय केलं तुमचं?”

हे रंगनाथमामा. कंपनीचे वॉचमन. कंपनी बंद पडली, मशिनी गेल्या, पत्रे गेले, मामा राहिले. डोक्याला उपरणं, पायात टायरच्या चपला, आणि आवाज असा की जालना रोडवरच्या ट्रकनं बाजूला व्हावं. तरुणपणी हेच शेड बांधताना ते व्हायब्रेटरवर होते. खांबात काँक्रीट ओततात, साइटवर त्याला ‘माल’च म्हणतात, तेव्हा एक थरथरणारी जाडजूड नळी आत सोडून तो नीट बसवावा लागतो. नाहीतर आत पोकळी राहते. ती नळी धरणारा माणूस म्हणजे मामा.

“ह्यातला माल म्या बसवलाय. ह्या हातानं,” मामा म्हणाले. “तुमची ती टिकटिक काय सांगती?”

“वरचं काँक्रीट कसं आहे ते सांगते, मामा.”

“वरचं कशाला इचारता? आतलं मला इचारा की!”

सर नियमाचे माणूस. म्हणाले, “मामा, तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण रिपोर्टमध्ये तुमचं नाव घालता येत नाही.”

“मंग हातोडीचं नाव घालता येतं व्हय?”

सरांनी माझ्या हातातून हातोडी घेतली. पुढचे चार ठोके त्यांनी जरा हळूच मारले.

*

मामांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कागद असायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. आम्हाला वाटलं, वीजबिल असेल. एक दिवस त्यांनी आपणहोऊन दाखवला. हॉस्टेलचा प्रवेशअर्ज!

मामांच्या लेकीची लेक, आरती, बिडकीनच्या एका कंपनीत लागली होती. पत्र्याच्या एका खोलीत सहा जणी राहायच्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पोरी संध्याकाळी ओल्या चादरी टांगून बसायच्या. मामांनी शेठच्या ऑफिसातून नमुना फॉर्म आणला होता आणि भरूनही टाकला होता. नाव, गाव, कंपनी, पालकाची सही, फोटोसुद्धा चिकटवलेला. फक्त ‘खोली क्रमांक’ तेवढा कोरा.

मी म्हटलं, “अहो मामा, अजून हॉस्टेलचा एक खांब पास झालेला नाही!”

“व्हईल की. म्हनूनच वाट बगतोय. माजी नात माज्या खांबाखाली झोपंल, मॅडम. आसं कुणाचं नशीब आसतं?”

त्या दिवसापासून मला त्या छत्तीस खांबांची धास्तीच बसली. घरी जेवताना आई विचारायची, ‘आज किती झाले?’ मी म्हणायची, ‘अकरा पास.’ जणू शेजारच्या पोराची परीक्षा चालली होती.

*

सर आणि मामांची पैज लागली. पैज चहाची. सर म्हणाले, “सांगा बरं, मामा, आत काय आहे ते. मग आम्ही मशिन लावतो.”

मामांनी तीन नंबरला बोटाच्या पेरानं टिचक्या मारल्या. बाया बाजारात माठ वाजवून घेतात, अगदी तसं. मग खांबाला कान लावला, डोळे मिटले, मान डोलावली. “ह्यातली खडी बारीक हाय. त्या दिशी ट्रक दुसऱ्या खदानीवरून आलता.”

सलीमभाईंनी कोअर काढला. खडी खरंच बारीक! आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो.

नऊ नंबर. टिचकी, कान, डोळे बंद. “ह्याच्या बुडाला दोन सळया जास्तीच्या हैत. ठेकेदाराचा मेव्हणा मोजायला होता, त्याला मोजताच येत न्हवतं.” मी सळया शोधायचं यंत्र फिरवलं. दोन जास्त!

बावीस नंबर. मामांनी कान लावला आणि हसलेच. “ह्यो एक नंबर. ह्याच्यावर दुसरा मकबरा बांधा, हालायचा नाय!” ताकदीत बावीस नंबर सगळ्यांत वर निघाला.

सर तोपर्यंत इतके रंगात आले होते की चहाचं विसरलेच. “मामा, आता चौदा नंबर!”

मामांनी चौदा नंबरकडं बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. “सर, चहाचा टाइम झाला,” म्हणाले आणि गेटकडं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सरांनी परत चौदा काढला, तर मामांना गेटवर काम निघालं. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखला. सलीमभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, मामा का चौदा नंबर से कुछ तो भी लफडा है.”

“काय लफडं असणार? खांब आहे तो!” मी म्हटलं. मी स्वतः चौदा नंबरवर तीन ठिकाणी टेस्ट घेतल्या होत्या. तिन्ही उत्तम. मी काही मामांच्या टिचकीवर अवलंबून नव्हते!

*

आता तुपाचा किस्सा. हा मी सांगू नये अशी सरांची इच्छा आहे, पण सांगते.

आमच्याकडं एक आवाजाचं यंत्र आहे. खांबाच्या एका अंगानं आवाज सोडायचा, दुसऱ्या अंगानं पकडायचा. आत पोकळी असली की आवाजाला वळसा पडतो, तो उशिरा पोचतो. यंत्राची दोन्ही टोकं खांबाला घट्ट चिकटावीत म्हणून मधे ग्रीस लावावं लागतं. तर विसाव्या खांबाला ग्रीस संपलं. शनिवार, दुपारचे दोन, दुकान लांब.

सलीमभाई म्हणाले, “मॅडम, डब्बे में क्या लाए आज?”

पुरणपोळी होती. आणि छोट्या डबीत आईनं दिलेलं साजूक तूप.

काय सांगू! रीडिंग इतकी स्वच्छ आली की ग्रीसनं कधी आली नव्हती. पाच खांब तुपावर झाले. पुरणपोळी मी कोरडी खाल्ली. सोमवारी येऊन बघतो तर पाचही खांबांवर जिथं जिथं टेस्ट घेतली होती, तिथं तिथं मुंग्यांचं गोल रिंगण!

एवढ्यावर भागलं असतं. पण सर म्हणजे सर. रिपोर्टात ‘मधे लावलेला पदार्थ’ असा एक रकाना आहे, त्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘खांब २० ते २४ : साजूक तूप, घरगुती.’ मी हात जोडले, “सर, ग्रीस लिहा ना!” तर म्हणे, “साळवे, खोटं लिहायचं असतं तर मी रिटायर कशाला झालो असतो?”

चार दिवसांनी आर्किटेक्टच्या ऑफिसातून मेल आली. ‘कृपया तुपाचा उत्पादक आणि बॅच नंबर कळवावा.’

सरांनी मेल मला पाठवली. मी आईला वाचून दाखवली. आई दळण निवडत होती, वर न बघता म्हणाली, “त्यांना म्हणावं, सोमवार ते शनिवारची साय होती, रविवारी कढवलं.”

सरांनी तसंच्या तसं लिहून पाठवलं. परत शंका आली नाही.

*

एक फवारा असतो. ताज्या छिद्रात मारला की काँक्रीट निरोगी असेल तर गडद गुलाबी होतं, आणि हवेनं बाद झालेलं असेल तर रंगच येत नाही. आम्ही खांबांना छिद्रं पाडून फवारत गेलो. सगळे गुलाबी! मला तर नाचावंसं वाटलं.

रविवारी आम्ही नव्हतो. शेठ एकटेच चक्कर मारायला आले. बघतात तर जिकडं तिकडं लालभडक! शाळेत नापास झाल्यावर मार्कशीटवर लाल खूण असते, तेवढीच त्यांना माहिती. त्यांनी तिथूनच क्रशरवाल्याला फोन लावला.

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तर रस्त्यावर तीन हायवा डंपर उभे, पुढं एक पोकलेन. गेट आतून बंद. गेटच्या आत आडवी खुर्ची टाकून मामा बसलेले. बाहेर शेठ ओरडत होते, “रंगनाथ, गेट उघड! माझंच गेट आहे ते!”

“गेट तुमचं हाय, शेठ. खांब माजे हैत. आदी सरांना येऊ द्या.”

सरांनी घाम पुसत पुसत समजावलं, “शेठ, गुलाबी म्हणजे पास! गुलाबी म्हणजे उत्तम!”

शेठना पटेना. “लाल म्हणजे पास? कुणाला शिकवता?”

मग मामा उठले, गेटजवळ आले. “शेठ, एक सांगा. विलेक्शनचा निकाल लागला की गुलाल कुणावर उधळतेत? पडलेल्यावर का निवडून आलेल्यावर?”

शेठनी खांबांकडं बघितलं. परत मामांकडं बघितलं. पोकलेनवाल्याला हातानंच ‘जा’ म्हणून खूण केली.

जाता जाता मात्र सरांना म्हणाले, “ते काही असो. पास म्हणजे हिरवं यायला पाहिजे. तुम्ही औषध बदला.”

*

शेडच्या मागं ट्रक भरायचा ओटा होता. त्याचा कोअर काढला तर त्यात मधोमध एक निळी-पांढरी पट्टी! नीट बघितलं तर रबरी चप्पल. टाचेपाशी आडवी कापलेली.

मामांनी कोअर हातात घेऊन उजेडात धरला. “आरारारा! ही तर भिकाजीची!”

भिकाजी आणि किसन, दोघं कन्नडकडचे, एकाच आळीतले, ओटा भरायला कामावर होते. त्या दिवशी भिकाजीच्या नव्या कोऱ्या चपला गेल्या. त्यानं आळ घेतला किसनवर. किसन म्हणाला, ‘तुज्या चपला घालायला मला पाय न्हाईत का?’ म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, पण मारामारी झाली. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. घराची भिंत एक, आणि चाळीस वर्षं अबोला!

मामांनी हट्टच धरला, हे पोचवायचं. सरांनी आधी नियम बघितला, मग ओटा हॉस्टेलला जाणार नाही म्हणून सोडून दिलं. सलीमभाई आणि मामा रविवारी एसटीनं कन्नडला गेले. मांडीवर कोअर. कंडक्टरनं विचारलं, “हे काय?” सलीमभाई म्हणाले, “चप्पल है.” कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून दिली.

दोन्ही म्हाताऱ्यांना एका पारावर बसवलं. मामांनी सगळं सांगितलं. आळी गोळा झाली. भिकाजीनं कोअर हातात घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले. सलीमभाई सांगत होते, “मॅडम, मेरे भी आँसू निकलनेच वाले थे.”

मग भिकाजीनं मान वर केली आणि चाळीस वर्षांनी पहिल्यांदा किसनच्या तोंडाकडं बघून बोलला, “एक घावली. दुसरी कुठंय?”

*

मामांच्या कानाचं मला फार उशिरा कळलं, याची अजून लाज वाटते.

त्या दिवशी सलीमभाईंचं ड्रिल एकतीस नंबरवर चालू होतं. तो आवाज तुम्ही ऐकला नसेल तर बरंय. दातांच्या डॉक्टरचं मशिन, पण हत्तीच्या दातासाठी! आम्ही कानात बोळे घालून लांब उभे. आणि मामा ड्रिलला अगदी लागून, पाठीला पाठ लावल्यासारखे, निवांत बशीत चहा ओतून पीत होते.

ड्रिल थांबलं. मी डाव्या बाजूनं जाऊन हाक मारली, “मामा!” काही नाही. परत मारली. तिसऱ्यांदा ओरडलेच. मामा बशीवर फुंकर घालतायत. मग मी फिरून उजवीकडं आले आणि परत हाक मारली.

“मॅडम, वरडताय कशाला? बयरा हाय का मी?”

मी उभीच राहिले. सगळं एकदम डोक्यात जुळलं. मोबाईल वाजला की सलीमभाईंकडं द्यायचे. बोलताना समोर येऊन तोंडाकडं बघायचे. आवाज मोठा. तरुणपण व्हायब्रेटरजवळ आणि पुढची वर्षं कंपनीच्या मशिनींजवळ काढलेली.

“मामा, डाव्या कानानं ऐकू येत नाही तुम्हाला?”

“कवाच गेलाय त्यो. उजवा निम्मा हाय.”

“पण मामा, तुम्ही खांबाला तर डावा कान लावता!”

“मंग? उजवा माणसांसाठी लागतो.”

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. “म्हणजे इतके दिवस आमची फजिती केली? टिचक्या मारून, डोळे मिटून? आणि आतलं सगळं बरोबर कसं सांगत होता?”

मामांनी बशी पालथी घातली. “मॅडम, तुमाला तुमच्या मशिनीबिगर काय खरं वाटत नाय. म्हनून म्या बी जरा मशिनीसारखं केलं. एकेका खांबाशी निम्मा निम्मा दिवस उभा होतो मी. काय ऐकायचं त्यात? आठवतं सगळं.”

*

शेवटी रिपोर्ट तयार झाला. छत्तीस खांब, छत्तीस वेळा ‘समाधानकारक’. खाली माझी सही झाली होती, सरांची बाकी होती. शेडमध्येच टेबल मांडलं. शेठ पेढे घेऊन आलेले. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“चौदा नंबर काढा,” मामा म्हणाले.

ते खांबाशी उभे होते. उपरणं डोक्यावरून काढून हातात घेतलेलं.

“काढा म्हणजे?” सरांनी विचारलं.

“त्याचा कोअर काढा. वर, बीमच्या बुडाला. तितं हवेचा जुना पत्र्याचा डक्ट हाय, मॅडमची शिडी तितं गेली नाय.”

माझं डोकं फिरलं. “मामा, माझी तिन्ही रीडिंग चांगली आहेत!”

“तुमची रीडिंग खरी हैत, मॅडम. खाली माल चांगलाच हाय. खाली मी होतो.”

“आणि वर?”

“वर मी न्हवतो.”

मामाच पुढं म्हणाले, “सकाळी निम्मा खांब म्या बसवला. दुपारून पळालो. कन्नडला. बायको बघायला गेलतो.”

सलीमभाईंना राहवेना. “फिर? भाभी पास हुई?”

“ती पास झाली. खांब गेला.”

शेठसुद्धा हसले. आणि हसता हसता थांबले.

मामा सांगत होते. मागं पोरांनी व्हायब्रेटर चालवलंच नाही, नुसती सळई खुपसली. साच्याच्या फळ्या काढल्या तर वर सगळी पोकळी. ठेकेदाराला कळायच्या आत पोरांनी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे कागद कोंबले आणि वरून गिलावा मारला. “तिसऱ्या दिशी म्या आलो, बगितलं आन् गप बसलो. लगीन ठरलेलं. काम गेलं आसतं तर कोण पोरगी देतंय? तवापासून रोज ह्याच्याखालून जातोय. वर बगत नाय.”

डक्ट उतरवला. सलीमभाई परांचीवर चढले. ड्रिल लागलं, आणि दर वेळी येतो तसा आवाज आलाच नाही. गर्रर्र करून ते भसकन आत गेलं. कोअर निघाला नाही. खडी घरंगळली, आणि तिच्यामागून तपकिरी कागदाचा बोळा. चाळीस वर्षांचा, अजून कोंबला तसाच.

मी तो बोळा हातात घेतला. खाली टेबलावर माझी सही वाळत होती. मला रडू आलं. खरं सांगते, सगळ्यांसमोर आलं.

अट सगळ्यांनाच माहीत होती. शेठनी खिशातून फोन काढला. क्रशरवाल्याचं नाव सगळ्यात वर होतं, मला दिसत होतं. सरांना एवढे नियम पाठ, पण त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं.

“रंगनाथ,” शेठ म्हणाले, “माझी अट तुला माहीत होती ना?”

मामांनी उजवा कान पुढं केला. “व्हय.”

“गप्प बसला असतास तर छत्तीस पास होते. हे आत्ता सही करत होते.”

“व्हय.”

“मग बोललास कशाला?”

मामांनी खिशात हात घातला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला, चारही घड्या उलगडल्या आणि माझ्या रिपोर्टावर पसरून हातानं सारखा केला. आरतीचा फोटो एका कोपऱ्यात सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून धरला.

“खोलीचा नंबर तेवढा राह्यलाय, शेठ. कोणतीबी द्या. बाकीचे पस्तीस माजेच हैत.”

शेठनी फॉर्म आपल्याकडं ओढला, ‘खोली क्रमांक’च्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग फोन खिशात ठेवला आणि सरांपुढं हात केला.

“कुलकर्णी, तुमचं पेन द्या.”